‘इंडिया पेल एल’ची दंतकथा आणि हॉप्सची बैठक

१/ हॉप्स हा विषय धरून घरी बिअर चाखण्याची बैठक भरवणाऱ्या यजमानाला हल्ली एक कथा हटकून ऐकवली जाते. विलायती बिअर भारतात पोहोचेपर्यंत आंबून जात असे; लंडनच्या जॉर्ज हॉजसनने तिच्यातील हॉप्स आणि मद्यार्क वाढवले आणि ‘इंडिया पेल एल’ जन्मली. ही कथा सांगत चार ‘आयपीए’ मांडले की बैठक सजली! कथेचा बहुतांश भाग खोटा आहे आणि तिच्यावर विसंबून केलेली निवडही फसते.

२/ आधी कथेतील खरे तेवढे. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुले. त्यांच्या राळेतील आम्ले उकळल्यावर कडवटपणा देतात आणि बिअर आंबवणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना रोखतात. हा टिकवण्याचा गुण बिंगेनच्या हिल्डेगार्डने १२व्या शतकातच नोंदवला होता. हॉजसनच्या सुमारे ६०० वर्षे आधी.

३/ उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स वाढवावेत, हा सल्ला इंग्रज मद्यनिर्मात्यांना १७६०च्या दशकात मिळत होता. १७८४ मध्ये ‘कलकत्ता गॅझेट’मध्ये पेल एलची जाहिरात झळकली होती. काळपट पोर्टरही त्याच समुद्रमार्गाने येत होती आणि टिकत होती. ज्या संकटावर हॉजसनने तोडगा काढला असे सांगतात, ते संकट मुळात तसे नव्हतेच.

४/ मग हॉजसनचेच नाव का झाले? भूगोल आणि उधारी. १७५२ मध्ये सुरू झालेली त्याची बो येथील भट्टी ब्लॅकवॉलच्या धक्क्यापासून जवळ होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी काही जागा मिळे. हॉजसन त्यांना १८ महिन्यांपर्यंत उधारी देई. हा रसायनाचा विजय नव्हता, खातेवहीचा होता.

५/ त्याने पाठवलेल्या मालात ‘ऑक्टोबर बिअर’ होती. ती इंग्लंडच्या तळघरांत वर्ष-दोन वर्षे मुरवण्याची जुनी रीत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या जहाजात डुचमळत आणि तापत तीच पिंपे काही महिन्यांत मुरली. बिअर प्रवासासाठी घडवलेली नव्हती. प्रवासाने ती घडवली.

६/ पुढच्या पिढीने उधारी आखडली आणि कंपनीशी संबंधितांचा रोष ओढवून घेतला. त्याच सुमारास बर्टन गावच्या भट्ट्यांची रशियातील बाजारपेठ जबर जकातीमुळे बुडाली होती. कंपनीचे संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी १८२२च्या सुमारास सॅम्युअल ऑलसॉप यांना हॉजसनसारखी बिअर करण्यास सुचवले. बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सचा कडवटपणा अधिक स्वच्छ उतरला आणि हॉजसन मागे पडला.

७/ नावाचे काय? ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हा शब्दप्रयोग १८२९ मधील एका जाहिरातीत सापडतो, आणि ती जाहिरात सिडनीच्या वृत्तपत्रातील आहे. मुंबईतील नाही, कोलकात्यातील नाही. ‘इंडिया’ हे तोवर दुकानदारीचे बिरुद बनू लागले होते.

८/ मद्यार्काची बढाईही पोकळ आहे. त्या काळच्या मापाने ही बिअर तीव्र नव्हती. साधारण ६ ते ६.५ टक्के. तिचे वैशिष्ट्य होते कोरडेपणा: साखर जवळजवळ सारी आंबून गेलेली, जिवाणूंना खायला थोडेच उरलेले.

९/ दंतकथेचे खरे पाप पुढे आहे. तिच्यात तहानलेला साहेब दिसतो; पैसे कोणी भरले ते दिसत नाही. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यापासून कंपनीच्या चाकरांचे पगार भारतातील महसुलातून निघत. साहेबाच्या पेल्यातील फेस रयतेच्या साऱ्यावर तरंगत होता. त्याच फेसाला आज ‘साहसाची चव’ म्हणून विकणे हा इतिहासाचा उपमर्द आहे.

१०/ सामान्य गोऱ्या सैनिकाच्या वाट्याला बहुधा पोर्टर आणि अरक आले. त्याची आठवण बाटलीवर शोधायचीच असेल तर देवळालीत शोधावी. नाशिकजवळच्या त्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत सैनिक कंटाळत, भ्रमत. त्यातून ‘डुलाली’ हा इंग्रजी शब्द आला. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका मद्यनिर्मितीगृहाने तेच नाव घेतले. त्या नावात निदान खोटी शौर्यगाथा नाही.

११/ तेव्हा बैठकीची निवड ‘इंडिया’ या शब्दावरून नव्हे, वेलीवरून व्हावी. पहिला पेला बोहेमियाचा: जाटेत्सच्या हॉप्सचा पिल्सनर. योसेफ ग्रोल याने १८४२ मध्ये प्लझेन येथे घडवलेली ही शैली मसालेदार, गवती गंधाची. दुसरा इंग्लंडचा: केंटच्या गोल्डिंग्ज हॉप्सची पेल एल. मातकट, संत्र्याच्या मुरंब्याची आठवण देणारी.

१२/ तिसरा अमेरिकेचा: ‘कॅस्केड’ हॉप्स. १९७२ मध्ये प्रसृत झालेल्या या जातीच्या वंशावळीत इंग्लंडचा ‘फगल’ आणि रशियन रक्त दोन्ही आहे. तिचा ग्रेपफ्रूटसारखा गंध ‘सिएरा नेवाडा’च्या पेल एलने १९८० पासून जगभर नेला. चौथा न्यूझीलंडचा: २००० मध्ये आलेला ‘नेल्सन सोव्हिन’, पांढऱ्या द्राक्षांच्या वासाचा. चार पेले, चार मुलुख. साम्राज्याची एकही कहाणी न सांगता हॉप्सचा सारा इतिहास टेबलावर येतो.

१३/ क्रम कमी कडूकडून अधिक कडूकडे. एकदा जीभ कडवटपणाने भरली की मागचा नाजूक गंध कळत नाही. बाटलीवरील भरल्याची तारीख पाहावी, कारण हॉप्सचा सुगंध महिन्यागणिक विरतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात अधिकच. तपकिरी काच बरी. उन्हात राहिलेल्या हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतील बिअरला उग्र दर्प येतो.

१४/ आणि एखाद्या पाहुण्याने हॉजसनची कथा काढलीच, तर त्याला अडवू नये. त्याच्या पेल्यात थोडी पेल एल ओतावी आणि एवढेच विचारावे: त्या पिंपाचे पैसे कोणाच्या शेतातून आले?