वादळाचं नाव नंतर विचारा, आधी वेळ विचारा

समुद्रात चक्रीवादळ तयार झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "नाव काय ठेवलंय?" दुसरा प्रश्न, "हे असलं नाव कोणी ठेवलं?" मग ग्रुपवर विनोद सुरू. वादळ किनाऱ्याला कधी लागणार, हे विचारणारा माणूस तिसरा-चौथा असतो. पत्रकार म्हणून मला याचीच काळजी वाटते.

नाव कोण ठेवतं, ते एकदा सांगून टाकतो. उत्तर हिंदी महासागराच्या भोवतालच्या १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं दिली आहेत, एकूण १६९. ही यादी एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की दिल्लीचं हवामान खातं यादीतलं पुढचं नाव देतं. 'निसर्ग' बांगलादेशाने सुचवलेलं, 'तौक्ते' म्यानमारचं. तिकडे तौक्ते म्हणजे पालीची एक जात. एकदा वापरलेलं नाव आपल्याकडे पुन्हा येत नाही.

नाव ठेवण्यामागे हेतू साधा आहे. अक्षांश-रेखांश सांगितले तर खलाशाला कळतील, पण भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला नाही. आणि समुद्रात एकाच वेळी दोन वादळं असली, तर कुठलं कुठे चाललंय याचा गोंधळ होऊ नये.

हा गोंधळ अटलांटिक महासागरात २०२० साली झाला. अमेरिकेच्या बाजूला दरवर्षी २१ नावांची यादी असते, अशा सहा याद्या आळीपाळीने वापरतात. फार नुकसान करणाऱ्या वादळाचं नाव कायमचं बाद होतं, उदाहरणार्थ कटरिना. २०२० मध्ये तब्बल ३० वादळांना नावं द्यावी लागली. सप्टेंबरातच यादी संपली, म्हणून अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरं वापरायला लागली. झीटा, ईटा, थीटा ऐकायला सारखीच. नोव्हेंबरात ईटा आणि आयोटा दोन आठवड्यांच्या आत निकाराग्वाच्या किनाऱ्यावर आदळली. पण बातम्यांत चर्चा अक्षरांचीच जास्त. शेवटी मार्च २०२१ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ग्रीक अक्षरं बंद केली आणि जादा नावांची वेगळी यादी केली. नावाचीच चर्चा व्हायला लागली तर इशारा मागे पडतो, हे त्यांनी मान्य केलं. आपण कधी करणार?

दुसरा धोका याहून मोठा. ताशी ६२ च्या खाली राहिलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राला नाव मिळत नाही. मग टीव्हीवर पट्टी नाही, ग्रुपवर चर्चा नाही, आणि लोक म्हणतात, "साधा पाऊस आहे." २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्या पावसाला कुठलंही नाव नव्हतं. पाण्याने बाजारपेठ गिळायच्या आधी नाव विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : नाव लक्षात ठेवायला असू दे, पण इशारा म्हणजे नाव नव्हे. प्रशासनाने आणि आम्ही बातमीदारांनीही पहिल्या ओळीत तीन गोष्टी सांगाव्यात. कुठे लागणार, किती वाजता, वारा किती. त्यानंतर कोणत्या गावांनी घर सोडायचं आणि जायचं कुठे. नाव सगळ्यात शेवटी आलं तरी चालेल.

आणि तुम्ही? बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होडी ओढून घ्या, पत्र्यावर दगड ठेवा, मोबाईल चार्ज करा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. वादळाला नाव असो-नसो. विनोद दोन दिवसांनी केले तरी शिळे होत नाहीत.

तुमच्या गावात इशारा कसा पोचतो, दवंडी, भोंगा की नुसता मेसेज? खाली लिहा. जिथे काहीच पोचत नाही, त्या गावांची बातमी करतो.