जिवाणूंच्या डब्यात काय?

बालमित्रांनो, आज आपण बेलापूरहून निघून थेट समुद्रात जाणार आहोत. चला तर!

अहिल्यानगर जिल्ह्यातलं प्रवरेकाठचं बेलापूर म्हणजे उसाचा मुलूख. उसाची साखर काढून झाली की कारखान्यात काळी, घट्ट मळी उरते. आपल्याला ती टाकाऊ वाटेल. पण यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीला ती मेजवानीच! मळीतली साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल तयार करतं.

मग काय, साखर जास्त तर काम जास्त, असंच ना? छे! इथेच तर खरी गंमत आहे.

१९४१ साली फ्लोरी आणि हीटली हे शास्त्रज्ञ पेनिसिलिनची बुरशी घेऊन अमेरिकेतल्या पिओरिया गावी गेले. तिथे मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी बुरशीला दिलं. सोबत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. औषधाचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं! ग्लुकोज मिळालं की ही बुरशी ते भराभर संपवते आणि नुसती वाढत सुटते. लॅक्टोज मात्र ती सावकाश खाते, आणि पेनिसिलिन जास्त बनवते. म्हणजे वाढ वेगळी आणि औषध वेगळं!

आता समुद्रात उतरू. कोळंबी आणि खेकडा यांच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. समुद्रातले काही जिवाणू तो खातात. २०११ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अशाच एका जिवाणूला नेहमीच्या खाद्याऐवजी कायटिन दिलं. तेव्हा त्याने अँड्रिमिड नावाचं जंतुनाशक द्रव्य जास्त तयार केलं. असं का? एका कवचावर ताव मारायला टपलेले जिवाणू पुष्कळ. इतरांना हुसकावायला हत्यार नको का?

हा खटाटोप कशासाठी, ठाऊक आहे? आपल्या जुन्या प्रतिजैविक औषधांना आता बरेच रोगजंतू दाद देत नाहीत. नवी औषधं शोधायला शास्त्रज्ञ समुद्र धुंडाळताहेत. पण प्रयोगशाळेत चुकीचं खाद्य दिलं, तर गुणी जिवाणूही गप्प बसेल आणि आपण त्याला ‘बिनकामाचा’ म्हणून फेकून देऊ!

तेव्हा दोस्तांनो, तुम्ही शास्त्रज्ञ असता, तर समुद्रातल्या पाहुण्याच्या डब्यात काय भरलं असतं? मळी, मका की खेकड्याचं कवच? आणि का? विचार करा बरं!