कॅराव्हॅनमध्ये मागे बसणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित आसने बंधनकारक करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : कॅराव्हॅन व कॅम्पर व्हॅनमध्ये मागच्या भागात प्रवास करणाऱ्या 14 वर्षांखालील मुलांसाठी समोर तोंड असलेली, सीटबेल्ट असलेली आसने सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे पुणे शहर व जिल्ह्यातील पालक आहोत. मुलाबाळांना घेऊन कोकणात, भंडारदऱ्याला, ताडोब्याला कॅराव्हॅनने जाणारी कुटुंबे आमच्यात आहेत आणि अशा प्रवासाचा बेत आखणारीही आहेत. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. जिथे चांगले हॉटेल नाही, अशा ठिकाणी आजी-आजोबांसह मुक्काम करता येणे ही मोठी सोय आहे. म्हणून या गाड्या बंद करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गाडी चालू असताना मुलाने बसायचे कुठे, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर आम्हाला आपल्याकडून हवे आहे.

या गाड्या भाड्याने देताना ‘सहा जणांसाठी’, ‘आठ जणांसाठी’ अशी जाहिरात होते. हा आकडा बहुतेक वेळा झोपण्याच्या जागांचा असतो. आत पाहिले की चालक व त्याच्या शेजारचे आसन सोडल्यास मागे खिडकीला समांतर टाकलेला लांब सोफा, त्यासमोर टेबल आणि सर्वांत मागे पलंग अशी मांडणी दिसते. मोठी माणसे सोफ्यावर बसतात आणि मुले पलंगावर लोळत जातात. घाटात गाडी वळली की ती एका कडेवरून दुसऱ्या कडेला घरंगळतात आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटते. सोफ्याला पट्टे कुठे कुठे असतातही. पण आम्ही पाहिलेल्या काही गाड्यांत ते प्लायवूडच्या खोक्याला साध्या बोल्टने अडकवलेले होते. हाताने जोराने हिसडा दिला तर खोकेच हलत होते.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 14 नुसार मोटारकारमधील कमरपट्ट्याचे बोल्ट चाचणीत 2,200 किलोपेक्षा जास्त ओढ सोसतील असे असावे लागतात. ही ओढ गाडीच्या पोलादी सांगाड्याने पेलायची असते. 18 मिलिमीटरच्या प्लायवूडकडून ती अपेक्षाच करता येत नाही. असा पट्टा नसण्यापेक्षाही घातक, कारण मूल बांधलेले आहे अशी पालकांची समजूत त्यामुळे होते.

आई-वडिलांची मांडी हीच सर्वांत सुरक्षित जागा, असे आपल्याकडे अजूनही मनापासून मानले जाते. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर 15 किलो वजनाचे मूल सुमारे 210 किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. कोणत्याही आईच्या हातात तेवढी ताकद नसते. तिचे प्रेम कमी पडते असा याचा अर्थ कुणी काढू नये. वेग ताशी 80 झाला की आघाताची ऊर्जा 50 च्या वेगाच्या अडीचपटीहून अधिक होते. समृद्धी महामार्गासारख्या 701 किलोमीटरच्या रस्त्यावर 80 हा कुणालाच मोठा वेग वाटत नाही.

आडव्या सोफ्याचा धोका तर वेगळाच आहे. धडकेच्या वेळी कमरपट्टा फक्त कंबर धरून ठेवतो. छाती आणि डोके मात्र कडेला, म्हणजे गाडी ज्या दिशेने जात होती त्या दिशेला झुकत जाते आणि सगळा पीळ मानेवर व कण्यावर येतो. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. तान्ह्या बाळाची किंवा लहान मुलाची चाइल्ड सीट आडव्या सोफ्यावर बसवताच येत नाही, कारण ती समोरून व मागून येणारा धक्का झेलण्यासाठी घडवलेली असते. युरोपीय संघाने 2005 मध्ये निर्देश काढून नव्या मोटारगाड्यांत अशी आडवी आसने बसवण्यास मनाई केली, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे सुमो आणि जीपच्या मागच्या बाकड्यांवर दाटीवाटीने बसून गेलेली एक पूर्ण पिढी आहे. त्यामुळे आडवे बसणे आपल्याला खटकत नाही, पण त्याने धोका कमी होत नाही.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन अधिनियमात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 194-ब सांगते की, 14 वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित न करता गाडी चालवणाऱ्याला वा चालवू देणाऱ्याला 1,000 रुपये दंड होईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 138 मात्र पट्टा लावण्याची सक्ती पुढच्या आसनांना आणि मागच्या ‘समोर तोंड असलेल्या’ आसनांनाच करतो. म्हणजे मुलाला बांधलेच पाहिजे, असे अधिनियम म्हणतो आणि भाड्याने मिळालेल्या गाडीत मागे बांधायला जागाच नसते. कायदा पाळायची इच्छा असलेल्या पालकापुढे मग एकच वाट उरते, मुलाला पुढे चालकाशेजारी बसवण्याची. तिथे एअरबॅग असेल आणि तान्हे बाळ मागे तोंड असलेल्या चाइल्ड सीटमध्ये असेल, तर उघडणारी एअरबॅगच त्याचा जीव घेऊ शकते. हा पेच पालकाने निर्माण केलेला नाही आणि तो त्याला सोडवताही येणार नाही.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या सीटबेल्टची चर्चा घरोघरी पोहोचली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने दुचाकीवरील 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलांसाठी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असा नियमही काढला. दुचाकीवरच्या बाळाची एवढी काळजी नियमात उतरली आहे. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या गाडीत पलंगावर झोपलेले बाळ मात्र कुणाच्याच नजरेत नाही, याचे आम्हाला अतिशय वाईट वाटते.

या सगळ्यात आमची मुख्य मागणी एकच आहे आणि बाकीच्या तिच्यातूनच निघतात. कॅराव्हॅन चालू असताना तिच्यात जेवढी समोर तोंड असलेली, सांगाड्याला पक्की जोडलेली, तीन-टोकी पट्ट्याची आसने असतील तेवढ्याच प्रवाशांना, मुले धरून, प्रवास करू द्यावा. नोंदणी प्रमाणपत्रात आसनांचा आणि शयनजागांचा रकाना वेगळा असतोच. प्रवासी मोजताना फक्त आसनांचा आकडा धरावा आणि तोच आकडा गाडीच्या दारावर मराठीत ठळक लिहावा. जाहिरातीतही दोन्ही आकडे वेगवेगळे देणे सक्तीचे करावे.

मागच्या आसनांपैकी किमान दोन आसनांना आयसोफिक्सचे कडे आणि चाइल्ड सीटच्या वरच्या पट्ट्यासाठी अडकवण असावी. केवळ कमरपट्टा असलेले आसन मुलासाठी पुरेसे मानू नये, कारण तो मुलाच्या पोटावर सरकतो आणि आतल्या अवयवांना इजा करतो. गाडी आरक्षित करताना मुलांची वये विचारून त्यांच्या मापाची चाइल्ड सीट किंवा बूस्टर पुरवण्याची जबाबदारी गाडी भाड्याने देणाऱ्यावर टाकावी.

मोटार कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मान्यता घेऊन बनलेल्या गाडीबद्दल आमची तक्रार नाही. टेंपो ट्रॅव्हलर किंवा मालवाहू व्हॅन विकत घेऊन कुठल्याशा गॅरेजमध्ये सुतारकाम करून घेतलेल्या गाड्यांनी आम्हाला घोर लावला आहे. कलम 52 नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि कलम 182-अ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरीही या गाड्यांचे पासिंग होते, कारण फिटनेस तपासताना दिवे, ब्रेक, धूर पाहिले जातात आणि सोफ्याखालचा बोल्ट पाहिला जात नाही. तो पाहावा, त्याचे छायाचित्र नोंदीला जोडावे, आणि ज्या आसनाची जोडणी सांगाड्यात जात नाही त्यावर ‘गाडी चालू असताना बसू नये’ अशी कायमची पाटी लावून ते आसनसंख्येतून वगळावे. सिलिंडर, फ्रिज, शेगडी, सुटे टेबल यांची पकडही त्याच वेळी तपासावी. धडकेत सुटलेला सिलिंडर पुढच्या आसनावरच्या मुलाच्या पाठीत बसतो.

या धंद्यात बहुतेक मालक छोटे आहेत, कर्ज काढून एकच गाडी रस्त्यावर आणणारे. त्यांच्यावर उद्यापासून दंडाचा बडगा उगारावा, असे आम्ही म्हणत नाही. दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी. पुण्यातच एआरएआयसारखी 1966 पासून काम करणारी संस्था आहे. तिच्याकडून कमी खर्चात बसवता येईल अशा चाचणी झालेल्या आसनाचा एखादा नमुना तयार करून घ्यावा आणि पर्यटन धोरणातील सवलती अशी आसने बसवणाऱ्या मालकांनाच द्याव्यात. मुदत संपल्यावर मात्र सूट नको. शालेय बससाठी राज्याने 2011 मध्ये स्वतःचे नियम केले होते. सुट्टीच्या प्रवासात तीच मुले असतात. त्यांच्यासाठी असे नियम करणे शासनाला अशक्य नाही.

दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणे सुरू होण्यापूर्वी वरील मागण्यांवर निर्णय व्हावा आणि तोवर सर्व प्रादेशिक परिवहन कार्यालयांना किमान आसनसंख्येच्या पाटीबाबत परिपत्रक जावे, ही विनंती. आपण वेळ दिल्यास एक कॅराव्हॅन आणि एक चाइल्ड सीट घेऊन आम्ही आपल्या कार्यालयात येऊ. ती सीट त्या गाडीत कुठे बसते, कुठे बसत नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहावे. या निवेदनाचे लेखी उत्तर मिळावे.

आपले विश्वासू,
पुणे शहर व जिल्ह्यातील पालक
(सह्यांचे कागद सोबत जोडले आहेत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य.
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, पुणे.