जीवामृत बिघडलं म्हणता, ड्रम पाहिला काय?

नालवाडीच्या वावरातली आजची नोंद जरा कडक आहे.

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. तरी नाल्याकाठी पुरलेला मोहाचा सडवा पोलिसांना सापडतोच. बातमीतल्या फोटोत दारूपेक्षा ड्रम पाहा राजेहो. निळा, 200 लिटरचा, भंगारातून आणलेला. आपल्या जीवामृताचा ड्रम याहून काय वेगळा आहे?

बियरवाले मोठा घाणा स्टीलच्या पिंपात आंबवतात. काहून? शौक म्हणून नाही. स्टील काही शोषून घेत नाही, उकळत्या पाण्यानं धुता येतं, सहसा ओरखडत नाही. प्लास्टिकचं तसं नाही. त्यात ठेवलेलं रसायन भिंतीत मुरतं, ओरखड्यांत जुना मळ बसतो. वास गेला म्हणजे विष गेलं, असं नाही. आणि आंबलेलं पाणी आंबट असतं, सडव्यात तर वरून अल्कोहोल. मुरलेलं बाहेर ओढायला अजून काय पाहिजे?

"जीवामृत कोण पितं बाप्पा?" हे उत्तर मला नेहमी मिळतं. अरे, जीवामृत म्हणजे जिवाणूंची पैदास. 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालायचं, दोन दिवस सावलीत ढवळायचं आणि भांडंच जिवाणू मारणारं? मग पिकावर काही दिसलं नाही की शास्त्रज्ञ म्हणतात पद्धतच खोटी, आपण म्हणतो शेणच बरोबर नव्हतं. ड्रमाकडं कोणी पाहत नाही. उन्हाळ्यात त्याच ड्रमात बैलाचं पाणी, कधी मजुराचंही.

औषधाच्या रिकाम्या कॅनचं तेच. कीटकनाशक नियम, 1971 सांगतात: धुवा, फोडा, वस्तीपासून दूर पुरा, पुन्हा वापरात जाऊ देऊ नका. आपण करतो काय? भंगारवाल्याला विकतो. 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीनं माणसं दगावली, तरी कॅन बाजारात फिरतच आहेत.

स्टीलची टाकी घ्या, असं मी म्हणत नाही. एवढ्या पैशात बी-बियाणं येतं. नवा ड्रम घ्या, नाही तर खाद्यतेलाचा. आधी काय होतं हे दुकानदार सांगत नसेल, तर फुकट दिला तरी घेऊ नका. आणि कृषी खात्यातल्या मित्रांनो, प्रात्यक्षिकात शेण-गुळाचं माप सांगता, त्याच्या आधी ड्रमाचं एक वाक्य सांगा. वावरात शेवटी तेच उतरतं, जे भांड्यात असतं.