आव्यात मीठ नको, कुंभारखाण मात्र हवी

गावातलं जुनं गटार खोदायला घेतलं की कधीकधी त्यातून तपकिरी, चकचकीत, हाताला संत्र्याच्या सालीसारखे लागणारे मातीचे नळ निघतात. बांधकामाच्या अंदाजपत्रकात त्यांना स्टोनवेअर पाइप म्हणतात आणि त्यांचं भारतीय मानक क्रमांक ६५१ आहे. प्लॅस्टिकचे नळ आल्यावर ते मागे पडले. पण वर्षानुवर्षं घाण पाण्यात राहूनही त्यांची चकाकी जात नाही, ती कशामुळं? मिठामुळं. आपल्या स्वयंपाकघरातल्या साध्या मिठामुळं.

लाकडाच्या किंवा कोळशाच्या जाळावर भट्टी सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढं नेतात. ती ऐन भरात आली की जाळाच्या तोंडातून आत मीठ टाकतात. मिठाची वाफ होते, त्यातला सोडियम मातीतल्या सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाशी जुळतो आणि भांड्यावर काचेचा पातळ थर धरतो. वेगळी झिलई लावावी लागत नाही. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कुंभारांनी काही शतकांपूर्वी ही रीत रुळवली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या लॅम्बेथ भागात हेन्री डौल्टनने याच रीतीने गटारांचे नळ मोठ्या प्रमाणावर काढले.

हे वाचून कुणी हौसेनं गावच्या आव्यात मिठाची पिशवी रिकामी करील, म्हणून आधीच सांगतो, तसं करू नका. आपला आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. तेवढ्या तापात मिठाची काच होत नाही. बरं, ताप वाढवावा म्हटलं तर आपली लाल-काळी माती तो सोसत नाही, भांडं बसकं होतं. त्यासाठी जास्त सिलिकाची आणि उच्च ताप सहन करणारी वेगळी माती लागते. शिवाय मिठाच्या भट्टीतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. तो माणसाच्या छातीला वाईट आणि शेजारच्या पिकाची पानं करपवणारा. लॅम्बेथचा तो कारखाना १९५६ साली बंद झाला. शहराच्या हवेच्या नियमांत मिठाच्या भट्टीला जागा उरली नव्हती. ज्यांना झिलईचं काम खरोखर शिकायचं आहे त्यांनी खानापूरला (जि. बेळगाव) खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, तिथं किंवा चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या ग्रामोदय संघात चौकशी करावी.

आणि झिलई हवीच कशाला? माठातलं पाणी गार होतं ते त्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाझरून वाळतं म्हणून. काचेचा थर दिला की छिद्रं बुजली, माठ गेला. लोणच्याला बरणी ठीक, पाण्याला साधं भाजलेलं भांडंच बरं.

हीच छिद्रं शेतातही कामाची आहेत. आंबा, चिकू, सीताफळाच्या नव्या रोपाशेजारी पाच ते दहा लिटरचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतील. माती कोरडी पडेल तसं मडकं पाझरतं, ओल असेल तेव्हा थांबतं. मडक्याला रंग देऊ नका. पाणी क्षारयुक्त असेल तर छिद्रं हळूहळू बंद होतात, मग मडकं बदलावं लागतं. ग्रामपंचायतीनं रस्त्याकडेला झाडं लावताना झाडामागं एक मडकं धरलं, तर घट, सुगडं आणि पणत्या यांच्या हंगामापलीकडेही कुंभाराच्या चाकाला काम मिळेल.

अडचण आहे ती मातीची. कुंभाराला कुठलीही माती चालत नाही. निव्वळ काळी माती वाळताना आकसते, भांड्याला तडे जातात. म्हणून तो तिच्यात राख, लीद मिसळतो. चुनखडीचा खडा राहिला तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो, पुढं ओल लागली की तो फुगतो आणि भांड्याचा टवका उडतो. मातीपरीक्षणाच्या अहवालात आपण मुक्त चुना आणि क्षारता बघतो ना, ते दोन आकडे कुंभारालाही तेवढेच महत्त्वाचे. त्याला लागते ती तळ्याकाठची, ओढ्याच्या वळणावर साठलेली बारीक गाळाची माती, आणि ती जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेली असते. महसुली कागदावर तिला कुंभारखाण म्हणतात.

आता ताथवड्याकडं बघा. २००९ पर्यंत ते मुळशी तालुक्यातलं ग्रामपंचायतीचं गाव होतं; त्या वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. बाह्यवळण रस्ता, महाविद्यालयं, हिंजवडीकडं जाणारी वर्दळ, इमारती यांत शेतं झाकली गेली. अशा ठिकाणी आवा पेटवायला शेजारी तयार नसतात आणि माती काढायला मोकळी जागा नसते. पुण्याच्या कसबा पेठेत कुंभारवेस हे नाव उरलं, कुंभारांची मोठी वस्ती मुंढव्याला केशवनगरात गेली. आणि शहर तिथंही पोचलं. जी गावं अजून ग्रामपंचायतीकडं आहेत त्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. हद्दवाढ आली की गायरानाचा निर्णय गावाच्या हातात राहत नाही.

तलाठी भाऊसाहेबांना (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावच्या तोंडी तलाठीच) माझी विनंती आहे, की गावात कुंभारखाणीची नोंद आहे का ते एकदा जुन्या दप्तरात काढून बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. पण नोंदच सापडली नाही तर कुणाला दाखवणार? पारंपरिक कुंभारांना मातीवरच्या स्वामित्वधनात सवलत आहे. किती ब्रासपर्यंत आणि अर्ज कुठं, ते तहसील कचेरीत गौण खनिजाच्या टेबलावर विचारावं. सवलत असूनही ट्रॉली अडवली जाते ती बहुतेक कागद जवळ नसल्यामुळं.

शेतकऱ्यांनाही एक सांगायचं आहे. २०१७ साली सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत आपण तलावाचा गाळ शेतात नेतो, ते चांगलंच. त्यातली एखादी ट्रॉली कुंभाराच्या अंगणात उतरवा. आधी थोडी माती भिजवून तिची बोटाएवढी वळी करा आणि वाकवून बघा. मोडली नाही तर कुंभाराला हाक मारा, पुढची पारख तो करील. सरपणासाठी बांधावरची तोडलेली बाभूळ, लाकूड कापणाऱ्या गिरणीचा भुसा त्याला द्या. प्लॅस्टिक, जुने टायर आव्यात घालू देऊ नका. एकदा तसा धूर गावभर झाला की तक्रार आव्यावरच येते.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत दोन ओळी घालायला ग्रामसेवकांना सांगा: कुंभारखाणीची मोजणी आणि आव्यासाठी वस्तीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जागा. पावसाळा संपला की माती काढायचं काम सुरू होतं, त्याआधी ठराव झाला तर याच हंगामात उपयोग होईल.