आयपीसची पेटी घेऊ नका

ऑफिसात कुणी नवी दुर्बीण घेतली की साधारण दोन आठवड्यांनी एक ठरलेला प्रश्न येतो. "अरे, दुर्बीण तर आली, आता आयपीस कुठले घेऊ?" प्रश्नासोबत एक लिंकही असते. एका चकचकीत पेटीत पाच आयपीस, एक बार्लो, पाच-सहा रंगीत फिल्टर आणि एक चंद्राचा फिल्टर. सगळं एकदम, सुट्या किमतीपेक्षा स्वस्त. मोह होण्यासारखंच प्रकरण आहे.

माझं उत्तर दरवेळी एकच असतं, म्हणून म्हटलं या वीकेंडला ते एकदाचं लिहूनच टाकावं. पेटी घेऊ नका. पहिल्या वर्षात एक कमी शक्तीचा बरा आयपीस, एक मधल्या शक्तीचा आणि फार तर एक बार्लो. बस्स. उरलेले पैसे बँकेत राहू देत, आकाश कुठे पळून जात नाही.

आता हे असं का, ते बघू. थोडं गणित आहे, पण सातवीच्या वरचं नाही.

दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे एकटी दुर्बीण ठरवतच नाही. दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचं किंवा आरशाचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे मॅग्निफिकेशन. माझ्याकडची दुर्बीण १३० मिमी व्यासाची आहे, नाभीय अंतर ६५० मिमी. तिला २५ मिमीचा आयपीस लावला की २६ पट, १० मिमीचा लावला की ६५ पट. आकडा जितका लहान, तितकी शक्ती जास्त. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण आपल्याला मोठा आकडा म्हणजे भारी माल अशी सवय असते.

स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यावर '५२५ पट' असं ठळक छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. तो आकडा येतो कुठून? नाभीय अंतर ७००, सोबत ४ मिमीचा आयपीस: १७५ पट. वर तीन पटीचा बार्लो: ५२५! भागाकार-गुणाकार अगदी बरोबर आहे. पण दुर्बिणीचा व्यास ६० किंवा ७६ मिमी. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन पट, ही ढोबळ मर्यादा. म्हणजे १२० ते १५० पटीच्या पुढे नुसता फुगवलेला धूसर गोळा. मोबाइलवर फोटो दोन बोटांनी ताणत गेलात की एका टप्प्यानंतर नवीन काहीच दिसत नाही, फक्त ठिपके मोठे होतात ना, तसंच. शिवाय मॅग्निफिकेशन दुप्पट केलं की चित्र चौपट मंद होतं, ते वेगळंच.

आणि अजून एक गोष्ट, जी खोक्यावर कधीच छापत नाहीत. पृथ्वी फिरत असते. आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. साध्या २५ मिमी प्लॉसल आयपीसमधून माझ्या दुर्बिणीत जवळजवळ दोन अंश आकाश दिसतं, म्हणजे चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. त्यात आणलेला शनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साडेसात मिनिटं घेतो. (शनी आणि साडेसात, योगायोग बघा!) तेच ५२५ पटीला, दुर्बिणीबरोबर फुकट आलेल्या अरुंद आयपीसमधून, तो साधारण पाव मिनिटात निघून जातो. हलत्या ट्रायपॉडवर पाव मिनिटात फोकस करायचा, थरथर थांबायची वाट बघायची आणि शनी बघायचा. मुलगा खुर्चीवर चढून डोळा लावेपर्यंत शनी गेलेला असतो. मग "बाबा, काहीच दिसत नाही", आणि दोन रविवारांत दुर्बीण माळ्यावर.

मला खरं वाईट याचंच वाटतं. पैसे गेले तर गेले, पण आकाशात बघण्यासारखं काही नसतं, असा त्या मुलाचा समज होऊन बसतो. तो कोण दुरुस्त करणार?

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण २० पटीच्या दुर्बिणीतून. भिंगं आपल्या आजच्या प्लास्टिकच्या खेळण्यांपेक्षाही सामान्य म्हणावीत अशी. त्या २० पटीने माणसाची विश्वाबद्दलची समजूत हलवली. तेव्हा २६ पट म्हणजे 'कमी' असं म्हणणं थोडं धाडसाचंच आहे.

म्हणून माझा क्रम असा. पहिला आयपीस २५ ते ३२ मिमीच्या दरम्यानचा प्लॉसल. ही रचना व्हिएन्नाच्या प्लॉसल नावाच्या माणसाने १८६० मध्ये केली आणि अजूनही पैसा वसूल करणारी आहे. दुर्बिणीबरोबर आलेल्या आयपीसवर 'एच' किंवा 'एसआर' अशी अक्षरं असतील, तर हा बदल पहिल्या रात्रीच जाणवतो. कृत्तिकांचा पुंजका एका नजरेत मावतो, मृगातला तेजोमेघ त्याच्या आजूबाजूच्या ताऱ्यांसकट दिसतो, देवयानी दीर्घिका शोधता येते. मुख्य म्हणजे वस्तू *सापडते*. कमी शक्तीत शोधायचं आणि मग शक्ती वाढवायची, हा सगळ्या निरीक्षणाचा पाया आहे. तुमच्या दुर्बिणीबरोबर आधीच बरा २५ मिमी आला असेल तर उत्तमच, एक खर्च वाचला.

दुसरा १० मिमीच्या आसपासचा. ६५ पटीला गुरूचे पट्टे आणि शनीची कडी व्यवस्थित दिसतात. (२०२५ मध्ये ती कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसली, त्यामुळे अगदी बारीक रेघ झाली होती. पुढची काही वर्षं ती हळूहळू उघडत जाणार आहेत, तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांची वेळ चांगली आहे. शनी पत्रिकेत नको असेल, आयपीसमध्ये मात्र हवाच!)

तिसरा, वाटलाच तर, दोन पटीचा बार्लो. तो २५ आणि १० या दोघांचे १२.५ आणि ५ करून देतो, म्हणजे दोनाचे चार. पण इथे एक बारीक गोम आहे. तुमच्याकडे २० आणि १० अशी जोडी असेल, तर बार्लो लावल्यावर २० चा १० होतो, जो तुमच्याकडे आहेच. पेट्यांमध्ये असा पुनरुक्तीचा माल बऱ्याचदा असतो. आपण कोडमध्ये एकच फंक्शन दोनदा लिहिलेलं खपवून घेत नाही, मग इथे का घ्यायचं?

चष्मेवाल्यांसाठी एक खास सूचना. प्लॉसलचं नाभीय अंतर जितकं कमी, तितका डोळा भिंगाला चिकटवावा लागतो. ४ मिमीच्या प्लॉसलमध्ये जेमतेम तीन मिलिमीटर जागा मिळते, पापणी घासते. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की काम भागतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा लावूनच बघावं लागतं, आणि मग लहान नाभीय अंतराचे स्वस्त आयपीस तुमच्यासाठी नाहीतच. पेटीतले निम्मे तिथेच बाद.

आता विरुद्ध बाजू. अनुभवी मंडळी म्हणतात, "दुर्बीण बदलते, आयपीस आयुष्यभर टिकतात. मग सुरुवातीलाच चांगले, रुंद दृश्याचे, महागडे का घेऊ नयेत?" मुद्दा अगदी खरा आहे. सव्वा इंची नळीचा आज घेतलेला चांगला आयपीस उद्याच्या मोठ्या दुर्बिणीलाही बसेल. पण नवख्या माणसाला अजून हेच ठाऊक नसतं की त्याला काय आवडणार आहे. कुणी चंद्राच्या विवरांमध्ये रमतो, कुणी तारकागुच्छांत, कुणी जोडताऱ्यांत. प्रत्येकाला लागणारा आयपीस वेगळा. प्रोग्रॅम नेमका कुठे अडतोय हे मोजल्याशिवाय त्याचा वेग वाढवायला बसू नये, हे आपल्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. इथेही तेच. ऑक्टोबर ते मे असा एक पूर्ण मोसम बघा, वहीत लिहून ठेवा की कुठल्या रात्री काय कमी पडलं, आणि मग त्या कमतरतेसाठी खर्च करा.

बाकीच्या सामानाचं म्हणाल, तर सगळ्यात उपयोगी वस्तू सगळ्यात स्वस्त आहेत. नीट जुळवलेला फाइंडर (दिवसा लांबच्या टॉवरवर जुळवून ठेवा). टॉर्चला बांधलेला लाल जिलेटीन कागद. उंची जमेल असं स्टूल, कारण कंबर वाकवून बघणारा माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. आरशाची दुर्बीण असेल तर आरसे जुळवायला मधोमध बारीक भोक असलेलं टोपण. पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. आणि गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्याच्यावरची गरम हवा चित्र नाचवते. मातीवर किंवा गवतावर दुर्बीण मांडता आली तर तो फुकटातला अपग्रेड समजा.

न घेण्याच्या वस्तू: रंगीत फिल्टर (लहान दुर्बिणीत आधीच प्रकाश कमी) आणि शहरी उजेड कापणारा फिल्टर. हा दुसरा जुन्या सोडियम-मर्क्युरी दिव्यांसाठी ठीक होता, पांढऱ्या एलईडीपुढे त्याचं फारसं चालत नाही. त्यापेक्षा त्याच पैशाचं पेट्रोल टाकून शहराबाहेर जा.

एक वस्तू मात्र मिळाली तर फोडून कचऱ्यात टाका: आयपीसमध्ये फिरवून बसवायचा छोटा काळा 'सन' फिल्टर. दुर्बिणीने गोळा केलेली सगळी उष्णता त्या काचेवर पडते, काच तडकू शकते, आणि तडकली की डोळा गेला. २५ ऑक्टोबर २०२२ ला दिवाळीत खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, तशी ग्रहणं पुन्हा येणारच. सूर्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या *तोंडावर*, पूर्ण व्यास झाकणारा, घट्ट बसवलेला. आणि फाइंडरलाही टोपण. यात 'चालतंय की' अजिबात नको.

शेवटचं. काहीही विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या आयपीसमधून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. हौशी मंडळींच्या आकाशदर्शनाला एक रात्र गेलात तर पाच-सहा प्रकारचे आयपीस डोळ्याला लावायला मिळतात, आणि ही मंडळी समजावून सांगायला नुसती टपलेली असतात. त्या एका रात्रीत जे कळतं ते वेबसाइटवरचे शंभर अभिप्राय वाचून कळत नाही.

असो. हे आपलं माझं मत. एवढं वाचूनही पेटी घ्यायचीच असेल तर घ्या, पण निदान पहिले सहा महिने २५ मिमीचा तेवढा बाहेर काढा आणि बाकीची कपाटात ठेवा. बहुतेक ती तिथेच राहील.