ट्रकातला रेडिओ

ऊस वाहणाऱ्या एका वाचकबंधूंनी विचारले आहे, उपग्रहावरचा रेडिओ ट्रकच्या टेपला जोडता येईल का? वर्ल्डस्पेसची ती सेवा भारतात ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली. जुना संच कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

मोबाईल जोडता येतो, टेपला 'ऑक्स'चे भोक हवे. नवा टेप बसवताना मात्र जपा. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट, टेप बहुधा १२ चा. काहीजण एकाच बॅटरीवरून वायर ओढतात. गाणी वाजतात, पण ती बॅटरी उतरत जाते, दुसरी जादा चार्ज होऊन उकळते, आणि ऐन हंगामात कारखान्याच्या रांगेत गाडी चालूच होत नाही! २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, बॅटरीजवळ फ्यूज घाला.

आकाशवाणी कोल्हापूरला यातले काही लागत नाही. एरियल वर काढा, १०२.७ लावा.